टोपलीत मिसळलेली टोकं

बासष्ट-त्रेसष्ट साल असावं. बी.ए. होऊन मी अमरावतीच्या एका कॉलेजात इतिहास विभागात मदतनीस म्हणून लागले. वलगावच्या आमच्या वस्तीतली मी पहिली पदवीधर मुलगी. पोरगी खुर्चीवर बसून शिकवेल असं आईला वाटलं होतं. प्रत्यक्षात मी दगड धूत होते.

विभागाच्या सरांनी उत्तरेकडे, पूर्णेच्या काठावर एका टेकाडावर खड्डा घेतला होता. त्यात गारगोटीची बारीक टोकं निघाली होती, कुणीतरी फार पूर्वी बाणांना बसवलेली. कोणतं टोक किती खोल सापडलं यावरून त्याचा काळ ठरायचा. वरच्या थरात खापरांसोबत मिळालेली अलीकडची, खालच्या पिवळ्या मातीतली जुनी. प्रत्येक थराची टोकं वेगळ्या ट्रेमध्ये होती. मी ती घासून त्यांवर शाईने थराचा इवलासा क्रमांक घालायची.

एकदा बाजाराला आलेली आई डोकावली. "हे गोटे कावून धुऊन राह्यली वं?"

"आई, हे माणसांनी घडवलेले आहेत."

तिने एक उचलून धारेवरून बोट फिरवलं. रक्ताचा थेंब आला. बोट तोंडात घालत ती म्हणाली, "अजून कापते की!" आणि खूश होऊन गेली.

दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजला चुना मारला. कपाट हलवायचं म्हणून मजुरांनी सगळे ट्रे एकाच टोपलीत रिकामे केले. निम्म्या टोकांवर क्रमांक पडायचे होते. टोपली पाहून मला रडूच आलं.

शेजारच्या विभागातले एक प्राध्यापक म्हणाले, "आकार बघून लावा वेगळी. कोणाला कळणार आहे?"

सरांनी टोपलीतली चार-दोन टोकं उलटीपालटी करून पाहिली. मग मला म्हणाले, "बिनक्रमांकाची वेगळी काढा. त्यांच्यापुढे 'काळ माहीत नाही' असं लिहा."

"सर, इतक्या मेहनतीनंतर?"

"मग काय खोटं लिहायचं?"

हिवाळ्यात आम्ही पुन्हा त्या टेकाडावर गेलो आणि जुन्या खड्ड्याला लागूनच नवा घेतला. या खेपेला मी काठावरच बाभळीखाली बसले. टोक वर आलं की तिथंच पुसायचं, वाळवायचं, क्रमांक घालायचा. उन्हात दौतीतली शाई घट्ट व्हायची. पिवळ्या मातीत खापराचा तुकडाही नव्हता, टोकं मात्र निघाली. "ही नक्की जुनी," सर म्हणाले, आणि कधी नव्हे ते खड्ड्यातच मांडी घालून बसले.