बसल्या जागची धावपळ

दुपारी जेवून डाव्या कुशीवर पडलो, की उशीतून माझ्याच काळजाची धडधड ऐकू येई. लगबगीची, अखंड, आत कुणी कांडण घातल्यासारखी. मला ती चैतन्याची खूण वाटायची. अंगाने मी पहिल्यापासून काटकुळा. त्यामुळे आरोग्य ही आपली उपजत मिळकत आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. पत्नी सुमन भरल्या अंगाची, म्हणून पथ्यपाण्याचे सारे उपदेश तिच्या वाट्याला.

मग पुण्याच्या लेकीने नाडी मोजणारे घड्याळ पाठवले. सोप्यात निवांत बसलो असतानाही त्याचा आकडा नव्वदाच्या खाली उतरेना. घड्याळच सदोष असणार, म्हणून ते मी सुमनच्या मनगटावर बांधले. तिथे ते पासष्टावर शांत विसावले.

"अवो, बसल्या जागी कुठं पळत सुटलाय?" ती म्हणाली.

गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली आणि माझ्या सडपातळ देहाभोवती टेप फिरवली. सदऱ्याआड दडलेले गोल पोट उघडकीस आले.

"सर, विश्रांतीतही नाडी अशी धावत असली, तर साखर आणि चरबीही तपासून घ्यावी. बऱ्याचदा ही मंडळी जोडीनं येतात," त्या म्हणाल्या.

उपाशीपोटी रक्त दिले. साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आली होती. माझ्या वडिलांची दृष्टी याच आजाराने हिरावली होती. अहवाल हातात घेऊन मी बराच वेळ दवाखान्याच्या जिन्यात बसून राहिलो.

"उद्यापास्नं माझ्यासंगं रंकाळ्यावर यायचं," सुमनने निकाल दिला.

प्रभातकाळच्या त्या जलाशयाची शोभा वर्णायला माझ्यापाशी शब्द पुष्कळ होते, श्वास मात्र नव्हता. सुमन पुढे, मी मागे. तिच्या मैत्रिणी काळजीने विचारत, "सर, रिक्षा बोलवू काय?" जन्मभर वर्गात बोलत आलेला मी धापेपायी प्रथमच नुसता ऐकत होतो. माहेरच्या विहिरीत सुमन थोरल्या भावाला पोहण्यात हरवायची, हे मला इतक्या वर्षांनी त्या काठावर कळले. एका छताखाली राहिलो म्हणजे ओळख झाली, असे आपण किती सहज धरून चालतो, नाही का?

पावसाळा सरला. साखर उंबरठ्यावरून मागे फिरली, नाडीही बरीच निवली. पण डॉक्टरीणबाईंच्या शाबासकीपेक्षा मला एक सकाळ अधिक मोलाची वाटते. चालता चालता सुमन शेजारीच दिसली.

"आज दमलीस का? हळू चालते आहेस," मी म्हणालो.

तिने वळूनही पाहिले नाही. "मी कुठं हळू झाले? तुम्ही बराबरीनं आलायसा की."