मामांची खजूर-पद्धत

पळायला सुरुवात करण्याआधी पळण्याची वही आखणारा माणूस साऱ्या पृथ्वीतलावर एकच झाला, आणि तो नारायण पेठेत राहतो. नात्याने ते माझ्या बायकोचे मामा. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले, आणि बासष्टाव्या वर्षी डॉक्टरांनी "थोडं चालत जा" म्हटल्याचं निमित्त होऊन हा गृहस्थ पोहणं, सायकल आणि पळणं अशा तिहेरी शर्यतींच्या मागे लागला. ट्रायथलॉन हा शब्द मामींना अजून मान्य नाही. "एकाच दिवशी तीनदा दमायचं, त्याला यांनी नाव ठेवलंय," असं त्या आल्यागेल्याला सांगतात. वही दोनशेपानी, तपकिरी कव्हराची, समास आखलेली. दिनांक, अंतर, वेळ आणि शेरा. शेरे मामा स्वतःलाच देत: 'समाधानकारक', 'प्रगती हवी', आणि एका सोमवारी लाल शाईत, 'लक्ष नव्हते. पुन्हा करणे.' मंगळवारी पहाटे त्यांनी खरोखरच सोमवार पुन्हा केला.

पोट सुटलेल्या, कमी बोलणाऱ्या मला या शर्यतींच्या क्लबात ओढून नेलं ते त्यांनीच. तिथे पहाटे पाचला बाकीची मंडळी चुरगळलेल्या बनियनांत जांभया देत उभी असायची. मामा इस्त्रीची अर्धी चड्डी, इस्त्रीचा टी-शर्ट आणि घडीचा रुमाल घेऊन, तास सुरू व्हायची वाट बघत असल्यासारखे. क्लबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लोक सूर्योदयाचे फोटो आणि आपापल्या वेळा टाकत. मामा फोटोकडे ढुंकून बघत नसत, वेळा तपासत. "आपण किलोमीटरला चार मिनिटे पन्नास सेकंद या वेगाने दहा किलोमीटर पंचेचाळीस मिनिटांत पळालात असे लिहिले आहे. पुन्हा पाहावे." आमच्या क्लबातला एक दंतवैद्य यावर इतका चिडला, की पुढचे दोन आठवडे त्याने वेळ न टाकता नुसते अंगठे टाकले.

पोहताना मामांचं डोकं कायम पाण्याबाहेर, कारण तलावात शिस्त कोणी लावायची? समोरून कोणी आलं की ते हात मारता मारता, "आपण डावीकडून जावं," असं स्वच्छ उच्चारात सांगत. सायकलीला घंटी, मडगार्ड आणि कॅरिअर. शर्यतीत लाखाच्या सायकलींवर वाकलेली पोरं सूं सूं करत जात असायची आणि मधूनच ट्रिंग ट्रिंग ऐकू यायचं. मग समजायचं, मामा कुणाला तरी मागे टाकताहेत. वळताना पूर्ण हात बाहेर. कात्रजचा घाट चढून गेल्यावर आम्ही कठड्यावर कोसळायचो, तेव्हा ते पाण्याचा एक घोट घेऊन विचारायचे, "जावईबापू, चढताना ताशी दहा आणि उतरताना ताशी तीस, तर सरासरी किती?" मी धापा टाकत वीस म्हणायचो. "पंधरा," मामा म्हणायचे. "कितीही दम लागला तरी पंधराच."

पण एवढ्या हुशार माणसाला सायकलच्या फेऱ्या लक्षात राहत नसत, आणि हे ते उघड मान्य करत. "पाय चालू झाले की डोकं बंद पडतं. पीटीच्या तासानंतर मी पस्तीस पोरांना गणित शिकवलंय, मला सांगू नका." त्यावर त्यांनी पद्धत काढली होती. फेऱ्या पाच असतील तर बिया काढलेले पाच खजूर एका चिमुकल्या कापडी पिशवीत घालून पिशवी हँडलला बांधायची. एक फेरी पुरी झाली की एक खजूर खायचा. पिशवी रिकामी झाली की सायकल ठेवायची आणि पळायला लागायचं. अख्खा क्लब या पद्धतीला हसायचा. मीही हसायचो. ती मला पाठ होती, हे आधीच सांगून ठेवतो.

चार तासांच्या आत मोठी शर्यत पुरी करायची, एवढी एकच इच्छा त्या माणसाला होती. पहिल्या वर्षी नऊ मिनिटं उशीर झाला, दुसऱ्या वर्षी दोन. तिसऱ्या वेळी मामा सदुसष्ट वर्षांचे होते आणि वहीत सलग एकवीस दिवस 'उत्तम' होतं. शर्यत शहराबाहेर होती; पोहणं तलावात, मग आठ किलोमीटरच्या पाच फेऱ्या, मग दहा किलोमीटर पळणं. काय सकाळ होती ती! भोंगे, ढोल, थंडीत वाजणारे दात, पाण्यात एकदम शंभर माणसं पडल्यावर उठलेला तो कल्लोळ! मी तलावातून बाहेर आलो तेव्हा मागून पोहणारा दंतवैद्य दहा हातांवर होता. त्याला एकदा तरी हरवायचं म्हणून मी वर्षभर जिलबी सोडली होती. सायकलींच्या रांगेत माझी आणि मामांची सायकल शेजारी शेजारी; मामा अजून पाण्यातच. माझं केळं गाडीत राहिलेलं, पोटात खड्डा. समोर ती कापडी पिशवी दिसली. मी एक खजूर तोंडात टाकला आणि निघालो. इतकंच केलं मी. विचार केला नाही, असं म्हणायला मला फार आवडेल, आणि त्या क्षणापुरतं ते खरंही आहे.

आठवलं तिसऱ्या फेरीत. समोरून मामा येत होते, घंटी वाजवत, गाल फुगलेला, मला हात करत. तो फुगलेला गाल पाहिला आणि मामा चारच खजूर घेऊन निघालेत हे माझ्या ध्यानात आलं. मी ओरडू शकत होतो. रस्ता असा काही रुंद नव्हता. मनाशी म्हटलं, सायकली ठेवतो तिथे थांबून सांगू. पाचवी फेरी संपवून मी तिथे पोचलो, बूट घातले, थांबलोदेखील. अर्धं मिनिट. मामा दिसेनात. दिसला तो दंतवैद्य, सायकल ढकलत आत येताना. आणि मी पळालो.

दंतवैद्याला मी चाळीस सेकंदांनी हरवलं. आयुष्यात पहिल्यांदा लोक माझ्या नावाने ओरडले. मग अर्ध्या तासाने मामा आले, आणि तसा जल्लोष मी पुन्हा पाहिलेला नाही. घड्याळात तीन तास तीस मिनिटं! क्लबातल्या बायका शिट्ट्या वाजवत होत्या, कुणीतरी ढोलवाल्याला ओढून आणलं, आणि आयुष्यात गणेशोत्सवातही न नाचलेले मामा रुमाल उडवून नाचले. मामींच्या गळ्यात त्यांनी आपलं पदक घातलं. पदक अडकवून दहा मिनिटं झाली असतील, तेव्हा निकाल बघणाऱ्या बाई आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सर, यंत्रात तुमच्या चारच फेऱ्या दिसताहेत."

मामा वाद घालतील असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी रिकामी पिशवी काढून उलटी करून पाहिली. "पिशवीत मीच भरले होते," ते म्हणाले. "मीच चुकलो असेन." मामींच्या गळ्यातलं पदक त्यांनी स्वतःच्या हाताने काढून परत दिलं. पाचवी फेरी घेतली असती तरी सात-आठ मिनिटं हातात राहिली असती, हे गणित मी तेव्हा तिथे उभ्या उभ्या केलं, आणि रोज करत आलो.

नंतर वही बंद झाली. मामांचे थोरले बंधू शेवटी शेवटी स्वतःच्या मुलाला पोस्टमन समजत, ती भीती मामांच्या मनात जाऊन बसली. घरात चिठ्ठ्या दिसू लागल्या. 'गॅस बंद केला. सात चाळीस.' 'गोळी घेतली.' संध्याकाळी गॅलरीत पोरांना फुकट गणित शिकवत, तेही त्यांनी थांबवलं. "पाचपर्यंत मोजता येत नाही, मी काय शिकवू?" तीन वर्षं मी त्या घरी चहा प्यायलो, चिठ्ठ्या वाचल्या आणि गप्प बसलो. मला लोक अबोल समजतात. त्याचा मी पुरेपूर फायदा घेतला.

यंदा मामींचा फोन आला, पुढच्या आठवड्यात मामांच्या मेंदूची तपासणी आहे म्हणून. मी ऑफिसातून उठलो तो तडक नारायण पेठेत.

"मामा, तो खजूर मी खाल्ला."

"कुठला?"

"शर्यतीतला. तुमच्या पिशवीत चारच उरले होते."

मामांनी चष्मा काढला. "पायऱ्या गाळू नका. पहिल्यापासून सांगा."

मी सांगितलं. तिसरी फेरी सांगितली, अर्धं मिनिट सांगितलं, दंतवैद्यही सांगितला. मामी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या.

"तीन वर्षं मी यांच्या मागे गॅसचं बटण बघत फिरतेय, जावईबापू," त्या म्हणाल्या. "एक खजूर हो! मागितला असतात तर डबा दिला असता."

मामांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "म्हणजे रीत बरोबर होती."

"बरोबर होती, मामा."

ते उठले, फ्रिजवरच्या चिठ्ठ्या एकेक करून काढल्या, फाडल्या आणि केराच्या डब्यात टाकल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आपण आता निघावं." मी चपला घालत होतो, तेव्हा आतून आवाज आला, "यंदाची शर्यत कधी आहे?"

यंदा मी शर्यतीत उतरलो नाही. वळणावर झेंडा घेऊन उभा राहिलो. मामा सत्तर वर्षांचे, गुडघ्याला पट्टा, हँडलला काही बांधलेलं नाही. पहिल्या फेरीला माझ्यासमोरून जाताना ते वर्गात ओरडावं तसे ओरडले, "एक!" दुसऱ्या फेरीला, "दोन!" तिसऱ्या वेळी वळणावरच्या सगळ्यांनी त्यांच्याबरोबर आकडा म्हटला, चौथ्या वेळी पाणी वाटणाऱ्यांनी भांडी बडवली, आणि "पाच!" इतका मोठा होता, की बंदोबस्ताच्या हवालदाराने शिट्टी मारली. मीही ओरडत होतो. घसा बसला तरी ओरडत होतो.

पण सायकल मोजता आली तरी पळायचं होतंच, आणि तीन वर्षं न पळालेला गुडघा ते ऐकेना. मामा आले तेव्हा चार तास होऊन वर चाळीस मिनिटं गेली होती. शेवटच्या रेषेवरची हवा भरलेली कमान खाली बसली होती, घड्याळ टेम्पोत चढलं होतं. क्लब मात्र थांबला होता. दंतवैद्यानेच सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या. मामांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि फुटपाथच्या कडेला टेकले. थोड्या वेळाने त्यांनी पाय पुढे केला. "वाकता येत नाहीये," ते म्हणाले. मी गुडघे टेकून बसलो. पाय सुजला होता, आणि घामाने भिजून बुटाच्या नाडीची गाठ घट्ट आवळली होती. मला ती लवकर सुटेना. मामांनीही घाई केली नाही.