पांदणीतल्या दोन तारा

अकोला-अमरावती पट्ट्यात कुठेही फायबर तुटली की आम्ही एकाच माणसाला फोन लावायचो, गोवर्धनभाऊ बोबडे यांना. केसाएवढी काचेची तार. चष्मा नाकावर ओढून ते तिला असा जोड देत, की तुटली कुठे होती हे मशीनलाही धड सांगता येऊ नये. प्रत्येक खड्ड्यात तारेचं एक वेटोळं जास्तीचं ठेवायचं, ही त्यांची रीत.

"काळी माती हाय मॅडम," ते म्हणत. "उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तारेले हलाले जागा पायजे."

मी अमरावतीच्या कंट्रोल रूममधली इंजिनियर. एसीत बसून जग आपणच चालवतो, असा आमचा तोरा. त्या मार्चमध्ये आमचे वरिष्ठ शेखरसाहेब अमरावतीला आले होते आणि मी त्यांना पडद्यावर आमचं जाळं दाखवत होते. अकोल्याहून एक तार मूर्तिजापूरवरून येते, दुसरी दर्यापूरवरून. एक तुटली की पापणी लवायच्या आत सगळा प्रकाश दुसरीवरून धावतो. रुग्णवाहिकेला लावलेला फोनसुद्धा कट होत नाही. मी अगदी रंगात आले होते.

दाराशी उभे असलेले गोवर्धनभाऊ म्हणाले, "नकाशा खोटा हाय, मॅडम. अन् खोटा मीच केला."

पंधरा वर्षांपूर्वी, मे महिन्यात, दर्यापूरकडची नाली खणायचं काम त्यांच्याकडे होतं. जमीन दगड झालेली, पहार उसळून अंगावर यायची. अकोल्याबाहेरच्या पांदणीत, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटेत, मात्र पहिल्या तारेची नाली नुकती बुजवलेली होती, माती मऊ होती. त्यांनी तीच उकरली. दोन किलोमीटर दोन्ही तारा शेजारी शेजारी झोपवल्या आणि कागदावर वेगळ्या दाखवल्या.

"माती फुगली, नाहीतं एक जेसीबी लागला का दोन्ही जातीन, अख्खं अकोला मुकं होईन," ते म्हणाले. "आभाळ भरून आलं का मले झोप नाही लागत जी."

झाकली मूठ त्यांनी आपणहून उघडली होती. वीस वर्षांचं नाव एका वाक्यात पणाला लावलं. मला त्यांचा रागही आला आणि त्यांच्यासमोर खुर्चीत बसून राहायची लाजही वाटली.

शेखरसाहेब खूप भडकले. शेवटी म्हणाले, "पावसाआधी वेगळी नाली झाली पाहिजे. तुम्हीच करा. नाही झाली तर या कामावर तुम्ही नाही."

भर एप्रिलात भाऊ बांधाबांधाने फिरले, शेतकऱ्यांच्या हातापाया पडले. त्यांतल्या माणिकबाईंनी तर सांबार, म्हणजे कोथिंबीर, निघेपर्यंत वाफ्याला हात लावू दिला नाही. भाऊ वीस दिवस थांबले, वर त्यांच्या जुड्याही बांधून दिल्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात दर्यापूरची तार नव्या नालीत टाकून ती बुजवली.

ऑगस्टमध्ये एका दुपारी त्यांचा फोन आला. पांदण रुंद करायला जेसीबी लागला होता. "मॅडम, हा डायवर ऐकूनच नाही राहिला! तार हाय म्हणतो मी, अन् हा..."

फोनमध्ये करकर झाली. माझ्या पडद्यावर मूर्तिजापूरची रेघ लाल झाली. दर्यापूरची रेघ हिरवीच होती. अकोल्याचे सगळे फोन, सगळ्या बँका, सगळे दवाखाने माणिकबाईंच्या बांधाखालून अमरावतीत येत होते आणि कुणाला पत्ताही नव्हता. इतकी वर्षं हेच शिकले, हेच शिकवलं, तरी माझ्या अंगावर काटा आला.

"मॅडम, माहा आवाज येऊन राहिला का?"

"येतोय भाऊ. स्पष्ट येतोय."

"तुटकी तार माह्या हातात हाय." एरवी तार तुटली की जेवणाचं ताट सारून पळणारा हा माणूस. पण ते हळूच म्हणाले, "जोड उद्या सकाळी मारला तं चालते ना, मॅडम? आज मले झोप येऊन राहिली."