भाव मोठ्यानं सांगणारा माणूस

सकाळी मल्लिनाथअण्णाच्या लेकीचा, सुवर्णाचा पुण्याहून फोन आला. "बापूकाका, अप्पा कालपासून फोन उचलत नाहीत. जरा बघून येता का?" मी चपला सरकवल्या आणि निघालो. दोन गल्ल्या पलीकडे अण्णाचं घर. म्हातारा फोन उशाखाली ठेवून घोरत पडला असणार, म्हणून वाटेत त्याला मनातल्या मनात शिव्या घालत होतो. दार नुसतं लोटलेलं होतं. फोन खरंच उशाखाली होता. मल्लिनाथअण्णा कुशीवर झोपला होता, हाक मारली तरी उठला नाही, हलवलं तरी उठला नाही... सुवर्णाला कळवायचं माझ्यावर आलं. खरेदीखतं लिहिण्यात माझी हयात गेली, पण ते एक वाक्य काही जुळेना. मी नुसतं तिचं नाव घेतलं, तेवढ्यावरूनच पोरीनं ओळखलं.

अण्णा घरांचा एजंट होता. जुन्या भाषेत दलाल. हा शब्द ऐकला की लोक नाक मुरडतात, आणि त्याला कारणही आहे. रजिस्टर कचेरीबाहेरच्या माझ्या टेबलाशी बसून मी नाना तऱ्हेचे एजंट पाहिले. विकणाऱ्याला एक आकडा, घेणाऱ्याला दुसरा आणि मधला मलिदा आपल्या खिशात. गिऱ्हाइकंही काही कमी नसत. घराच्या दिशेबद्दल, पाण्याबद्दल खणखणीत बोलणारी माणसं किमतीवर आली की माझ्या कानाशी लागत. झाकली मूठ सव्वा लाखाची! पहिल्यांदा अण्णा माझ्यासमोर बसला तेव्हा मात्र त्यानं किंमत अशी ठणकावून सांगितली, की पलीकडच्या टेबलावरचा टायपिस्ट वळून बघायला लागला. घेणारा आणि विकणारा दोघं शेजारी बसले होते, दोघांनी एकच आकडा ऐकला होता. "हळू बोला की," मी म्हणालो. "का? चोरी केलीय का आपण?" तो म्हणाला. त्या दिवशी चहा त्यानं पाजला, आणि आमची दोस्ती जमली ती शेवटपर्यंत.

त्याच्या ह्या मोठ्या आवाजाचं मूळ बैलबाजारात होतं. त्याचे वडील अक्कलकोटकडचे, बैलांचे दलाल. त्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हातात हात घ्यायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. बघणाऱ्याला फक्त हलणारा रुमाल दिसतो. एकदा म्हणे एका बैलजोडीचा घेणारा आणि विकणारा पुढं कुठल्याशा लग्नाच्या पंगतीत शेजारी बसले. बोलता बोलता बैलांचा विषय निघाला, आणि दोघांच्या हाताला वेगवेगळी बोटं लागली होती हे भर मांडवात उघड झालं. तो सौदा जमवणारे अण्णाचे वडीलही त्याच पंगतीत होते. ते अर्ध्या ताटावरून उठले, आणि शेजारी बसलेल्या लहानग्या अण्णालाही उठावं लागलं. "बुंदी तशीच राहिली बघ पानात," हे तो साठी उलटल्यावरही सांगायचा. पुढं सोलापुरात, टॉवेल-चादरींच्या गावात जन्म काढून ह्या बाबानं खांद्यावर कधी टॉवेल टाकला नाही. मे महिन्यात घाम शर्टाच्या बाहीला पुसायचा. आम्ही त्याची लई चेष्टा केली.

नव्या पेठेतल्या एका चहाच्या दुकानातलं बाकडं हेच त्याचं ऑफिस. कुठल्या गल्लीतलं कुठलं घर कितीला गेलं, कुणीही येऊन विचारावं, अण्णा सांगणार. विकणारे चिडत, कारण शेजारच्याला किती आले हे पाव्हण्यारावळ्यांत कळतं. घेणारे चिडत, कारण बायकोला वेगळा आकडा सांगितलेला असतो. दुसरे एजंट तर त्याला पाहिलं की बाकड्यावरून उठून जात. कितीतरी दुपारी मी गेलो तर हा एवढ्या गर्दीच्या पेठेत बाकड्यावर एकटाच, समोर गार झालेला चहा. लोक त्याला चांगला म्हणायचे आणि सौदा दुसऱ्याकडून करायचे. त्याला हे लागत नव्हतं असं नाही. एकदा म्हणाला, "बापू, खरं लोकांना पायजे असतंय रे, पर दुसऱ्याच्या घराचं."

वहिनी गेल्या आणि तो फारच एकटा पडला. सुवर्णा एकुलती एक लेक, पुण्यात नोकरी करणारी. तिच्याच इमारतीत एक खोली-स्वयंपाकघराचा फ्लॅट निघाला होता. सोलापूरचं घर बऱ्या भावानं गेलं असतं तर तो घेता आला असता. नातीला शाळेत सोडायचं, संध्याकाळी लेकीच्या हातची भाकरी खायची, एवढंच मागणं. त्या दिवसांत तो दाढीसुद्धा रोज करायला लागला होता.

गिऱ्हाईक आलं टेंभुर्णीचं. गाड्यांचा धंदा करणारा माणूस, पोरांच्या शाळेसाठी सोलापुरात घर बघत होता. भाव पटला, इसाराची आगाऊ रक्कम द्यायला तो घरीच आला, मलाही अण्णानं बोलावलं होतं. चहा झाला. पाव्हण्यानं खिशात हात घातला आणि सहज विचारलं, "अण्णा, ह्या गल्लीत एवढाच भाव चाललाय न्हवं?"

मी अण्णाचा पाय दाबला. त्यानं पाय काढून घेतला.

"न्हाय," तो म्हणाला. "समोरचं घर दिवाळीत गेलं, लई कमीला गेलं. मीच दिलंय की." आणि आकडा सांगितला, नेहमीच्या मोठ्या आवाजात. पाव्हण्याचा हात खिशातून रिकामाच बाहेर आला. "मग आमाला बी त्याच भावानं द्या." "तुमचं बराबर हाय," अण्णा म्हणाला, "पर त्या भावात माजं पुण्याचं जमत न्हाय." पाव्हणा रामराम करून गेला.

मी इतका संतापलो की उभाच राहिलो. "अरे, स्वतःच्या पायावर असा धोंडा कोण पाडून घेतं? 'ज्याचं त्याचं घर, ज्याचा त्याचा भाव' म्हणाला असतास तर काय जिभेला काटा टोचला असता?"

"इचारलं की त्यानं."

"आणि पुणं?"

"पुणं कुटं पळून जातंय?" कपबशा उचलत तो म्हणाला. त्यानंतरही तीन-चार जण येऊन गेले. त्यांनाही ह्यानं तेच सांगितलं. शेवटी पुण्याचा तो फ्लॅट दुसऱ्यानं घेतला, आणि अण्णानं तो विषय बंद केला. माझ्याजवळसुद्धा.

दिवसकार्य उरकून पुण्याला गेलेली सुवर्णा परवा घर आवरायला आली. मीही मदतीला गेलो. भांडी, अंथरुणं, वहिनींच्या साड्या... कपाटाच्या खालच्या कप्प्यात नव्या पेठेतल्या दुकानाची पिशवी निघाली. आत मरून रंगाचा लोकरीचा स्वेटर, किमतीची चिठ्ठीही न काढलेला. सोलापुरात असला जाड स्वेटर कोण घालतो?

"हा कशाला घेतला असेल अप्पांनी?" तिनं विचारलं.

"पुण्यातल्या थंडीसाठी, अजून कशाला?"

"पण त्यांना तर यायचंच नव्हतं! फोनवर म्हणाले, 'मला तितं करमायचं न्हाय, तू उगं हट्ट करू नगंस.' मला इतका राग आला होता, काका. म्हटलं, ह्यांना लेकीपेक्षा नव्या पेठेतलं बाकडं मोठं. मग मीही फोन कमी केले..."

साऱ्या गावाला खरं सांगणाऱ्या माणसानं पोटच्या पोरीला खोटं सांगितलं होतं. घर विकलं जात नाही म्हटलं असतं तर तिनं कर्ज काढलं असतं, आणि ते त्याला नको होतं. मी तिला सगळं सांगितलं, टेंभुर्णीच्या पाव्हण्यापासून. ऐकून झाल्यावर इतकंच म्हणाली, "म्हणजे यायचं होतं त्यांना."

"होतं गं," मी म्हणालो.

निघताना तिनं किल्ली माझ्या हातात दिली. "घर बघायला कुणी आलं, तर समोरच्या घराचा भाव आधी सांगून टाका, काका." मग तिनं पिशवीतून स्वेटर काढला आणि अंगात घातला. बाह्या बोटांपर्यंत आल्या. बाहेर ऊन असं, की गल्लीतलं कुत्रंही सावली सोडत नव्हतं. रिक्षावाल्यानं वळून बघितलं. "ताई, बरं न्हाय का तुमाला?"

"बरी आहे की," ती म्हणाली. "स्टेशनला घ्या. आम्हाला पुण्याला जायचंय."

रिक्षा वळेपर्यंत मी दारात उभा होतो. मग आत जाऊन खिडक्या लावल्या.