वेल्समधला राब

"इचाराय काय जातंय, बाई?" असं म्हणत ती उंबऱ्यावर थांबायची आणि जे विचारायचं ते विचारूनच आत यायची.

पहिल्या दिवशी तिनं विचारलं, मागच्या दोन खोल्या भाड्यानं मिळतील का. दुसऱ्या दिवशी विचारलं, तुळशीमागचे दोन वाफे भाजीला मिळतील का. आठवड्याभरानं विचारलं, शाळेत मुलांना शिकवता ते इंग्रजी लग्न झालेल्या बाईला शिकवता येईल का. तिन्हींना मी हो म्हणाले. तुम्ही नातवंडं तिथं परदेशात विमानतळावर कधी पाहा, एखादी बाई सामान नवऱ्याजवळ ठेवून अनोळखी माणसाशी बोलत उभी असते आणि दोघंही हसत असतात. ती तशीच होती.

ही नव्वदच्या दशकाच्या मध्यातली गोष्ट. आपलं शहापूरचं घर तुम्हाला आठवतं, त्यामागच्या खोल्यांत हे जोडपं राहायला आलं. तो किन्हवलीकडचा, हायवेवरच्या एका कंपनीत फिटर होता. ती मुरबाड तालुक्यातली, म्हशाजवळच्या एका वाडीतली, बापाची एकुलती एक. तो इतका मुका की वर्षभरात माझ्याशी दहा वाक्यं बोलला नसेल. त्याच्या कंपनीचा मूळ कारखाना वेल्समध्ये होता. नव्या यंत्रांच्या कामासाठी त्याला तिकडे काही वर्षं पाठवायचं ठरलं, आणि म्हणून हे इंग्रजी.

माझा नियम एकच होता, उत्तर पूर्ण वाक्यात द्यायचं.

"येवढं लांबण कशाला?" ती म्हणायची. "नुसतं नाव सांगितलं तर त्यांना समजणार नाय का?"

"त्यांना समजेल. पण पूर्ण वाक्य बोललीस की तुला पुढचं बोलायला धीर येईल."

तिनं आधी सगळी प्रश्नांची वाक्यं पाठ केली. "उत्तरं मागनं शिकीन," म्हणाली.

निघायच्या आदल्या दिवशी तिचे वडील आले. ओटीवर बसून त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"सायबीन व्हऊन ये," ते लेकीला म्हणाले, "पण चिखलात उतराय लाजू नको."

"बाबा, तिथं बी लय पाऊस हाय म्हणतात."

"पाऊस आसंल. चिखल आसंल का?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुमच्यासमोर सांगतो. माझी कंबर आजून चार आवण्या वाकंल. पाचवीला नाय. तवर ही आली तर शेत हिचं. नाय आली तर देऊन टाकीन."

आवणी म्हणजे भाताची रोपं उपटून चिखलात पुन्हा लावणं. सगळं घर आठवडाभर कमरेत वाकलेलं असतं. आणि 'देऊन टाकीन' म्हणजे कुणाला, हे त्या वेळी सगळ्यांनाच ठाऊक होतं. मुंबईची माणसं फार्महाऊससाठी जमिनी बघत मुरबाडभर फिरत होती. त्यांच्या वाडीतली खालची दोन शेतं कुंपणात गेलीच होती. वडिलांनी हे रागानं सांगितलं नाही. बसची वेळ सांगावी तसं सांगितलं.

तिची पत्रं मी तारखेप्रमाणे लावून ठेवली आहेत. माझी सवय तुम्हाला माहीत आहे.

पहिल्याच पत्रात तिनं लिहिलं होतं की तिथले डोंगर आपल्यासारखेच आहेत, पण कुणीतरी झाडं काढून घेतल्यासारखे, आणि मेंढ्या माणसांपेक्षा जास्त. बसस्टॉपवर एका म्हाताऱ्याला तिनं विचारलं, तुम्ही घरीसुद्धा इंग्रजीच बोलता का. तर तो हसून कुठल्या तिसऱ्याच भाषेत बोलायला लागला. "बाई, यांची दुकानात एक भाषा आणि चुलीपाशी दुसरी," तिनं लिहिलं. "आमच्या वाडीसारखंच. मला एकदम बरं वाटलं."

सुट्टी मिळाली की दोघं फिरायची. जहाजानं आयर्लंडला गेली, बसनं पॅरिसला. नकाशा त्याच्या हातात असायचा. माझ्याकडचा तो मुका मुलगा तिकडे जाऊन मोकळा झाला होता. कुठल्या गावाहून कुठली बस सुटते हे त्याला तोंडपाठ असे. ती कुणाला काही विचारायला लागली की मात्र तो लाजून दहा पावलं पुढं जायचा आणि तिथली एखादी पाटी वाचत उभा राहायचा. पॅरिसमध्ये एका मोठ्या देवळाच्या पहारेकऱ्याला तिनं विचारलं, तुम्ही जेवता कुठं. त्यानं मागचं बाकडं दाखवलं, दोघांना बसवलं आणि आपल्या डब्यातलं चीज दिलं. "वास बेकार होता, पण त्याचा मान म्हणून खाल्लं. आमचे हे तवर पाटीच वाचीत होते."

फोटोंत तो कॅमेऱ्याकडे बघून हसतो आहे. ती कुणाशीतरी बोलण्यात मान वळवून उभी आहे.

प्रत्येक पत्राच्या शेवटी मात्र एक ओळ असे, 'यंदाची आवणी झाली का?' तिचे वडील महिन्या-दोन महिन्यांनी बाजाराला शहापूरला यायचे, तेव्हा मी त्यांना विचारत असे. दुसऱ्या पावसाळ्यानंतर ते आले तेव्हा ओटीवर न बसता उभ्यानंच दोन बोटं दाखवली. "दोन झाल्या, दोन ऱ्हायल्या. लिवा तिला." बोटं खाली घेताना त्यांचा हात भिंतीला टेकला होता. ते मी लिहिलं नाही.

तिसऱ्या वर्षी नवऱ्याला तिथंच कायमचं ठेवून घ्यायचं कंपनीनं ठरवलं. त्याचा कागद घरी आला. तिनं एका ओळीत लिहिलं, 'कागद मिठाच्या बरणीखाली ठेवलाय, सही ऱ्हायली.' पुढची दोन पानं हवेवर. मी उलट टपाली विचारलं, तुला परत यायचं आहे हे त्याला सांगितलंस का? त्यावर उत्तर आलं नाही. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा आलं.

'कसं सांगू बाई. ते इथं हसतात.'

ते पत्र मी बराच वेळ मिटलं नाही. त्याच आठवड्यात तुमच्या बाबाचंही पत्र आलं होतं, परदेशातलं पहिलं. सोबत फोटो होता. तोही हसत होता.

मग मे महिन्यात एक प्रकार घडला.

आपल्याकडे भात पेरण्याआधी राब भाजतात. वाफ्यावर शेण, पालापाचोळा, गवत, वर मातीचा पातळ थर असं पसरून ते पेटवायचं, म्हणजे तणाचं बी जळतं आणि राखेत रोपं जोमानं येतात. उन्हाळ्यात मुरबाडकडे जाल तर उतारा-उतारावर हा धूर दिसेल. तिच्या वेल्सच्या घरामागं टेबलाएवढी जमीन होती. शेजाऱ्याच्या घोड्याची लीद तिनं महिनाभर वाळवली. कुंपणाखालची पानं गोळा केली. निघताना कापडात बांधून नेलेलं झिणी जातीच्या भाताचं मूठभर बी अजून तिच्याकडे होतं. वारा मंदावल्यावर, वडील करतात तसं, वाऱ्याच्या उलट बाजूनं तिनं पेटवलं. सगळ्या जगाला सगळं विचारणाऱ्या या बाईनं, इथं जाळ केला तर चालेल का, एवढं मात्र कुणालाच विचारलं नाही. राब भाजायला विचारायचं असतं, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

वीस मिनिटांत आगीचा बंब दारात आला.

हे पुढचं मला तिनं नाही, त्यानं लिहिलं. त्याचं मला आलेलं हे एकच पत्र. तो कामावरून नुकताच आला होता. मागच्या अंगणात चार जवान, शेजारीपाजारी, आणि मध्ये ती, हातात ओली फांदी घेऊन. या वेळी दहा पावलं जायला जागाच नव्हती. बंबाच्या मुख्य माणसानं तिला शांतपणे विचारलं, हे तुम्ही काय करत होता? आणि तिनं इंग्रजीत, पूर्ण वाक्यांत उत्तर दिलं.

'ती म्हणाली, माझ्या वडिलांचं शेत आहे. पाऊस यायच्या आधी आम्ही ते भाजतो. माझे वडील आता थकले आहेत. इथं भात उगवणार नाही हे मला माहीत आहे. मला फक्त तो वास हवा होता. मला घरी जायचं आहे, पण माझा नवरा इथं सुखात आहे, म्हणून मी त्याला सांगितलेलं नाही. बाई, मी तिच्या मागंच उभा होतो. तिला दिसलो नव्हतो. तीन वर्षांत हे मला मराठीत ऐकू आलं नव्हतं.'

त्या माणसानं टोपी काढली, म्हणे. आग विझवली, पुन्हा असं करू नका म्हणाला आणि गेला. त्या संध्याकाळी दोघं काय बोलली ते पत्रात नाही. एवढंच आहे की मिठाची बरणी त्यानं उचलली आणि कागद सही न करता परत केला.

चौथ्या आवणीच्या आठ दिवस आधी ती दोघं शहापूरला उतरली. ती चहालासुद्धा नीट बसली नाही. बशीत ओतून उभ्यानंच प्यायली आणि दोनची मुरबाड गाडी गाठायला पळाली. शेत घरातच राहिलं. वडिलांनी ती आवणी बांधावर बसून, शिव्या देत बघितली. "सायबीन वाकडी लावते," म्हणून सगळ्या वाडीला सांगितलं.

त्याला मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी मिळाली. मागच्या खोल्या मी नंतर कुणाला दिल्या नाहीत. ती दिवाळीच्या आसपास तांदूळ घेऊन यायची. दोन-तीन वर्षांनी अशीच आली आणि तांदळाची पिशवी खाली ठेवून उंबऱ्यावरच टेकली.

"आता ह्यांना तिकडची आठवण येते, बाई. बोलत नाय, पण नकाशा काढून बसतात."

"मग?"

"मग काय. आवणीत एक दिवस मोडते मी. ह्यांना घाटात घेऊन जाते. तिथं धुकं आलं की तिकडच्यासारखं दिसतं, असं तेच म्हणतात. बाया हसतात मला, आवणी टाकून नवऱ्याबरोबर फिराय जाते म्हणून. हसू द्या."

त्या भागात आवणीत कुणी दिवस मोडत नाही, मुलांनो. घरी मयत झाली तरी दुसऱ्या दिवशी माणसं चिखलात असतात.

पुढच्या वर्षी आवणीच्या दिवसांत मी जुन्नरला निघाले होते. माळशेज घाटात धुक्यामुळे गाड्या थांबल्या होत्या. एसटीच्या खिडकीतून पाहिलं तर कठड्याशी एका छत्रीखाली ती दोघं. तो हात लांब करून काहीतरी दाखवत होता, बहुतेक गावांची नावं सांगत होता, एकामागून एक. तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पोटऱ्यांवर शेतातला चिखल तसाच. मी हाक मारली नाही. समोर धुक्याखेरीज काहीच नव्हतं आणि ती त्याच्या बोटाच्या दिशेनं नीट बघत होती.