जिद्दीचे चिंचोके

कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला वर्गातल्या एका मुलानं नेट कॅफेतून एका इंग्रजी खेळाच्या नियमांची चाळीस पानं छापून आणली आणि आमचे रविवार कामातून गेले. खेळ असा, की प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि दुपारभर त्या पात्रासारखंच चालायचं, बोलायचं, भांडायचं. पाठांतर नाही, प्रेक्षक नाहीत. कसबा बावड्यात एका मित्राच्या मळ्यात गुऱ्हाळ होतं. हंगाम संपला की ते रिकामंच असायचं, तिथं आमचा दरबार भरायचा. नऊ मुलगे, त्यातला एक महाराज आणि बाकीचे सरदार, आणि इंग्रजी जरा बरं वाचता येतं म्हणून मी एकटी मुलगी पंच.

त्या चाळीस पानांत मला सगळ्यात आवडलं ते विलपॉवरचं कलम. डिक्शनरीत 'इच्छाशक्ती' होतं, पण ते शाळेतल्या भाषणासारखं वाटलं, म्हणून आम्ही तिला 'जिद्द' म्हटलं. प्रत्येक पात्राकडे जिद्द मोजकीच. सहा चिंचोके, काडेपेटीत घातलेले. कुणी हुकूम सोडला की आधी दगड-कागद-कात्री. हरलात तर हुकूम मानायचा. नसेल मानायचा, तर एक चिंचोका पंचाच्या हातात ठेवायचा आणि मान ताठ ठेवायची. पेटी रिकामी झाली की मात्र ऐकावंच लागायचं. गेलेले चिंचोके पात्राला झोप मिळाली की परत यायचे, म्हणजे पुढच्या रविवारी. नाहीतर पात्र आपल्या स्वभावाला धरून वागलं, तर पंचानं तिथल्या तिथं एक परत द्यायचा.

कागदावर हे झकास होतं, कोल्हापुरात चालेना. एक दांडगा सरदार पेटी रिकामी करून बसला, आणि महाराजांनी गुडघे टेकायला सांगितल्यावर म्हणतो कसा, "न्हाय टेकत. काय करतोस?"

मी म्हणाले, "तुझी जिद्द संपलीय."

"माझी? माझी कवा संपती व्हय?"

मग मी त्याला समजावलं. बाबा रे, तुझी नसेल संपली, सरदाराची संपलीय. दुपारपासून सहा जणांना नाही म्हणून तो दमलाय, आणि दमला म्हणजे काही तो भित्रा ठरत नाही. पाव तास हुज्जत घालून त्यानं एक गुडघा टेकला, दुसरा काही टेकला नाही. बाकीचे हसून लोळत होते. मी मात्र अगदी न्यायाधीशाच्या तोऱ्यात होते.

घरी माझा हा शहाणपणा कुठं जायचा कोण जाणे. आई मिश्री लावायची. रोज चार वाजता, मागच्या दारी, पत्र्याची डबी घेऊन. दाताच्या डॉक्टरांनी तिच्या गालाच्या आत पांढरा चट्टा दाखवला होता. आत्ता मिश्री सोडली तर जाईल म्हणाले, नाही सोडली तर पुढचं सांगता येत नाही. मी घाबरले, आणि घाबरले की माझी जीभ सुटते. डबी लपवली, एकदा मोरीत ओतली. "एवढं साधं जमंना तुला? मनावर घेतलं की झालं!" हे दिवसातून तीन-चारदा. आई काही बोलायची नाही. आमच्याकडं कॉलेजच्या मुलांचे जेवणाचे डबे असायचे, ते भरत राहायची. दुसऱ्या दिवशी दुकानातून नवी डबी यायची.

एका शनिवारी ती चिंच फोडत बसली होती. मी चिंचोके उचलायला लागले, तेव्हा तिनं विचारलं, "हे कशाला गं?" मी खेळ सांगितला. माझ्या मित्रांना महिनाभर न कळलेलं तिला पहिल्या झटक्यात कळलं.

"आनि सपले की?"

"मग ऐकावंच लागतं."

तिनं सहा चिंचोके घेऊन फरशीवर ओळीनं मांडले. "ह्यो सकाळी गेला. डब्याची पोरं म्हनली, काकू आमटी पातळ. बोलायचं हुतं, गिळलं. ह्यो तुझ्या बाबांनी कामावर जाताना शर्टावरनं आवाज चढवला तवा. ह्यो शेजारनीपायी." तीन बाजूला झाले. उरलेले तीन तिनं एकदमच सरकवले. "आनि हे तुझ्यापायी. तू मिश्रीवरनं बोलतीस, मी गप बसते. गप बसायला काय लागत न्हाय व्हय?"

रागावली नव्हती. हिशेबच सांगत होती, अगदी सरळ आवाजात. मग म्हणाली, "चार वाजंस्तोवर माझी पेटी रिकामी. मग डबी म्हनती ये, मी जाते."

मी चिंचोके परत मिळायचा नियम सांगितला. झोप, नाहीतर स्वभावाप्रमाणं वागणं.

"सोभावापरमानं?" ती हसली. "ते कवा वागायचं?"

मला फार वाईट वाटलं. ज्या दांडग्याला मी दमलेल्याचा कैवार घेऊन समजावत होते, त्याच्याहून मी वेगळी नव्हते. त्या दिवशी ठरवलं, मिश्रीबद्दल अक्षर काढायचं नाही. चार दिवस पाळलं. पाचव्या दिवशी तिच्या पदराला वास आला आणि मी पुन्हा सुरू झाले. आईला मोजकी जिद्द असते हे मला पटलं होतं, पण माझं तोंड माझं ऐकत नव्हतं.

वर्षभरानं मला पुण्यात नोकरी लागली. रविवारी फोन करायचे. पहिल्या दोन रविवारी मी मिश्रीचं विचारलं, तिनं फोन बाबांकडं दिला. मग विचारायचं सोडलं. दिवाळीला घरी आले आणि तिला डॉक्टरांकडं घेऊन गेले. त्यांनी गालात दिवा धरून बराच वेळ पाहिलं. चट्टा जवळजवळ गेला होता. मी दवाखान्यातच रडले, बाकावरच्या बायका बघत होत्या तरी.

बाहेर आल्यावर विचारलं, "कधी सोडलीस?"

"तू गेल्यावर. म्हैनाभरात."

"कशी?"

"बोलाय लागले," आई म्हणाली. "पोरं आमटी पातळ म्हनली की म्हनते, घट्ट पायजे तर घरला जाऊन खावा. तुझ्या बाबांना बी सुनावते आता. बोललं की डबीची आठवनच न्हाय येत बघ."

मी म्हणाले, "मग मी होते तेव्हा का नाही बोललीस?"

आई रिक्षा शोधत होती. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "बाकी सगळ्यांना बोलले असते गं. पर निम्मी पेटी तुझ्यापायीच सपायची. तू शिकल्याली. आनि माझ्या भल्याचंच बोलत हुतीस. तुला काय म्हनू?"