त्रेचाळीस मेंढपाळांचा ग्रुप

बबिताची पीएचडी व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपवर होती, हे तिच्या आईला पटवण्यातच वर्ष गेलं. पोरगी दिवसभर फोन कानाला लावून बसते आणि त्याला अभ्यास म्हणते, असं साखराबाई येईल-जाईल त्याला सांगायच्या.

ग्रुप चौसाळ्याकडच्या त्रेचाळीस मेंढपाळांचा. पाणी कुठं टिकलंय, चारा कुठं उरलाय, कुणी खतासाठी शेतात मेंढ्या बसवायला बोलावलंय, सगळं बोलून पाठवायचं. लिहिता-वाचता न येणारी माणसं इंटरनेट कसं वापरतात, हा तिचा विषय.

प्रबंध लिहून होत आला आणि विद्यापीठानं प्रत्येकाची संमती मागितली. खरं तर ती आधीच घ्यायची असते. पण आपलीच माणसं, नाही कशाला म्हणतील, या भरवशावर बबिता राहिली होती. ते म्हणतील तसं, म्हणत सगळ्यांनी ग्रुपातल्या थोरल्या धुळाजीतात्यांकडे बोट दाखवलं. अर्धाअधिक प्रबंध त्यांच्याच बोलण्यावर उभा होता. बबितानं तीनदा समजावलं, कुणाचंही नाव छापणार नाही. तात्यांनी कागद परत दिला आणि मेंढ्यांमागं चालू लागले.

कागदावर कुणाचेही अंगठे उठवून गुपचूप छापलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. बबिताला रडू येत होतं, तरी तिसऱ्या दिवशी ती मेंढपाळांच्या तळावर गेली आणि तात्यांसमोर बसून फोनमधले त्यांचे मेसेज एकेक पुसू लागली. चार वर्षांची मेहनत होती. तात्यांनी तिचा हात धरला.

"पोरी, नाव कावून लपवती? आमी काय चोरी केली? लपवायचं ते पाणी. पुस्तकात छापलं तर सगळी दुनिया तिथं येईल, मंग आमच्या मेंढरांनी जावं कुठं?"

बबिता ओशाळली. त्यांच्याच शेजारी बसून तिनं प्रबंधाच्या पानापानावरची ओढ्यांची आणि डोहांची नावं खोडली. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर पहिला मेसेज तात्यांचा आला, मग सटवाचा, मग बंकटचा. प्रत्येकानं बापाच्या नावासकट आपलं नाव सांगितलं आणि आपलं बोलणं बबिताला दिल्याचं सांगितलं. त्रेचाळीसही आवाज तिनं शेवटपर्यंत ऐकले. एवढ्या विश्वासाला आपण पात्र आहोत का, असं तिला वाटत राहिलं.

विद्यापीठानं ते आवाज संमती म्हणून मान्य केले. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तोंडभरून कौतुक केलं आणि सहज विचारलं, मे महिन्यातही पाणी असणारा तो डोह नेमका कुठं आहे?

"मला माहीत आहे सर," बबिता म्हणाली, "पण तो मला सांगता येणार नाही."